परतीची तार

मुलांनो, आमची पहिली भेट अख्ख्या गल्लीनं ऐकली.

रात्री पाऊस पडून गेला होता. मी मामाच्या दुकानाच्या पायरीवर बसून एका ट्रकच्या जुन्या तारांचा गुंता सोडवत होते. समोरच्या शिंप्याच्या पत्र्यावरून पाणी अजून थेंब थेंब गळत होतं. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. पावाची गाडी होती ती, पांढऱ्या रंगाची, मागे मोठ्या पेटीसारखी. गळा काढून रडणाऱ्या पोरासारखी कोकलत ती आत शिरली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट बाहेर आला. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाल्या, "अरे मेल्या, ऐकू आलं!"

गाडी आमच्या दारात थांबली. हॉर्न काही थांबला नाही. आतून एक तरुण उतरला. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवरसुद्धा पीठ, आणि पिठाखाली चेहरा लालबुंद.

"ताई, मालक कुठं आहेत?"

"काय?"

"मालक! मालक!"

मी हातातला गुंता खाली ठेवला, बॉनेट उचललं आणि हॉर्नची तार खेचून काढली.

एकदम शांत झालं. इतकं शांत, की पत्र्यावरचे थेंब पुन्हा ऐकू यायला लागले. तो माझ्या हातातल्या तारेकडे बघत होता, आणि मी त्याच्या भुवयांकडे.

"मालक आत चहा पितायत," मी म्हणाले.

"एवढंच होतं?"

"एवढंच नाहीये. ही तार बघा. आतून भाजून निघालीय."

मामा कप घेऊनच बाहेर आला. आई गेल्यावर मला त्यानंच वाढवलं होतं. शाळेतून आले की दप्तर एका खिळ्याला आणि मी दुकानात, अशी माझी वाढ. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तारेचा रंग ओळखायला तो ती नाकाशी धरायचा. त्यानं बॉनेटखाली वाकून बरंच काही नाकाशी धरलं.

"हे वायरिंग कुणी केलं?"

"वडिलांनी," तो तरुण म्हणाला. "घरातल्या दिव्यांची तार उरली होती, तीच लावली. आता ते नाहीत."

मामानं हातातली भाजकी तार हळूच खाली ठेवली. मग म्हणाला, "पाव मात्र फार सुरेख करायचे हो तुझे वडील."

त्या क्षणी मला मामाचा फार अभिमान वाटला, आणि त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं... ते मला दिवसभर पुरलं.

सगळं वायरिंग काढून नवं करावं लागणार होतं. मामानं कप पायरीवर ठेवला आणि जाहीर केलं, "ही करेल. एकटी. मी हात लावणार नाही."

"ताई करणार?"

"का? हॉर्न काय मी बंद केला?" मामा म्हणाला.

पूर्ण गाडी माझ्या एकटीच्या हाती पहिल्यांदाच येत होती. पण वरून मी असा चेहरा केला की जणू रोज सकाळी अशा दोन गाड्या करून मगच मी दात घासते.

गाडी आमच्याकडे राहिली. तिचा मालक पहाटेच्या फेरीसाठी एका मित्राची गाडी मागून आणायचा आणि दुपारी, भट्टीचं काम आटोपलं की, आमच्याकडे यायचा. रिकाम्या खोक्यावर बसायचा. कागदात गुंडाळलेला गरम पाव माझ्या हत्यारांशेजारी ठेवायचा. म्हणायचा, काम बघायला आलोय. बघायचा मात्र… जाऊ दे, तुम्हा मुलांना काय सांगायचं!

"ही जाड तार कुणाला आणि ती बारीक कुणाला?" एकदा त्यानं विचारलं.

"ज्याची भूक मोठी त्याला जाड. पुढचे दिवे खूप करंट ओढतात, त्यांना जाड. हा वेगाच्या काट्यामागचा इवलासा बल्ब चिमणीएवढं खातो, त्याला बारीक चालते. आणि स्टार्टर सगळ्यात खादाड. त्याला थेट बॅटरीपासून अंगठ्याएवढी."

"आणि खादाडाला बारीक दिली तर?"

"तार तापते. वरचं आवरण वितळतं. मग उघडी पडलेली तार दिसेल त्या लोखंडाला चिकटते. तुमच्या हॉर्नचं तेच झालं."

"म्हणजे बॉनेटखाली दुसरी भट्टीच लावली होती आम्ही."

"भट्टीच."

"आणि बारीक भूकवाल्याला जाड दिली तर?"

"काही बिघडत नाही. फक्त वळता वळत नाही."

"आमच्या आईसारखी," तो म्हणाला. आतून मामाचा खोकला ऐकू आला. त्याचं हसू तो नेहमी खोकल्यात लपवायचा.

तारांची रिळं भिंतीवर टांगलेली असायची. मी गाडीखाली आडवी पडले होते. हात बाहेर काढून म्हणाले, "जरा चौदा नंबर द्या."

हातात आलं ते अठरा नंबर. "ही घ्या," तो म्हणाला, "चौदापेक्षा मोठी. आपल्याकडे कंजुषी नको."

"नंबर वाढतो तशी तार बारीक होते."

"हा कसला उलटा कारभार!"

"तुमचा कुठं सुलटा आहे? जग झोपतं तेव्हा तुम्ही उठता, आणि जग जेवून कामाला लागलं की तुम्ही झोपता."

गाडीपलीकडे खोकं करकरलं. मग, "माझ्या झोपेच्या वेळा तुम्हाला कशा ठाऊक?"

मी दातांनी तारेचं आवरण सोलत होते, म्हणून उत्तर देता आलं नाही. आवरण सोलून झालं, तरी मी तार दातांतून काढली नाही.

त्या दिवशी निघताना तो दारात घुटमळला. "एक गोष्ट परत घ्यायची होती."

"पाव? तो मी खाल्ला."

"पाव नाही. पहिल्या दिवशी गडबडीत मी 'ताई' म्हणालो… ते परत घेतो."

"मग आता काय म्हणणार?"

"शोधतोय," असं म्हणून तो गेला. मामाला एवढा खोकला आला की मला पाणी न्यावं लागलं.

काम पुरं झालं. मी एकेक बटण दाबत गेले आणि मामा गाडीभोवती फिरला. त्याला दिवे नीट दिसत नव्हते, म्हणून तो प्रत्येक काचेला हाताची मागची बाजू लावून ऊब बघत होता, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. शेवटी त्यानं माझ्याही डोक्यावर तसाच हात ठेवला. "जमलं," म्हणाला.

गाडी गेली. दुकान एकदम मोठं वाटायला लागलं.

आणि मग, आठवडा व्हायच्या आत, ती परत आली.

"मागचा दिवा लागत नाही," तो म्हणाला.

मी बटण दाबलं, मागे जाऊन पाहिलं. लाल दिवा डाळिंबाच्या दाण्यासारखा झगझगत होता.

"लागतोय की."

"आता लागतोय," त्यानं मान खाजवत कबूल केलं. "सकाळी लागत नव्हता."

थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा मी बटण दाबलं, पुन्हा दिवा लख्ख. मी बल्ब बदलला, फ्यूज बदलला, तारेचा प्रत्येक जोड ओढून पाहिला. काही नाही. तो पुन्हा आला. आला की जरा बसायचा, चहा घ्यायचा, शिंप्याची नक्कल करायचा, आणि दिवा लागलेला बघून जायचा.

"दिवा तुला बघून लागतो, पोरी," मामा म्हणाला.

तुम्हाला हसू येईल, पण माझ्या जिवाची फार ओढाताण चालली होती. दिव्यात खरंच दोष असेल, तर माझ्या हातचं पहिलंच काम कच्चं, आणि तो येतो तो निव्वळ दिव्यासाठी. दोष खोटा असेल, तर काम पक्कं, आणि तो येतो तो… माझ्यासाठी. दोन्ही सुखं एकाच बाजूला बसली होती आणि दोन्ही दुःखं दुसरीकडे. मी मनातल्या मनात विनवत होते, देवा, हा माणूस खोटारडा निघू दे.

एका दुपारी मला राहवलं नाही. दिवा नेहमीसारखा हसत होता. मी फडक्याला हात पुसत, जरा लाडात येऊनच विचारलं, "खरं सांगा हं… हा दिवा कधी बंद पडतच नाही ना?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काल धुकं होतं," तो म्हणाला. "मागून एक सायकलवाला आला. त्याला गाडी दिसलीच नाही. हातभर अंतरावर वळला म्हणून वाचला. अशा गोष्टीत मी खोटं बोलेन असं वाटलं तुम्हाला?"

तो चहा तसाच ठेवून उठला. गाडीचं दार मात्र त्यानं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री मी ताट बाजूला सारलं. दोष खरा होता. म्हणजे माझं कामही कच्चं आणि माझा अंदाजही कच्चा. पण त्याहून मोठं म्हणजे तो सायकलवाला डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मामा म्हणाला, "दुकानात बसून दुखणं कळत नसेल तर रोग्याच्या घरी जावं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी बेकरीच्या मागच्या फाटकाशी उभी राहिले. तो पाव रचलेल्या लाकडी फळ्या गाडीत भरत होता. मला बघून थबकला.

"मी फेरीला येते," मी म्हणाले. "दिवा विझलेला मला बघायचाय."

त्यानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली आणि सीटवरचं पीठ बाहीनं पुसलं. बाहीवरच एवढं पीठ होतं की सीट आणखी पांढरी झाली.

बाहेर धुकं होतं, आत पावाची ऊब. मागून येणारा तो वास... नुसत्या वासानं माणूस भरून जावा असा. काचेवर वाफ धरत होती आणि तो ती हाताच्या पालथ्या बाजूनं पुसत होता. एका वळणावर त्याचा कोपर माझ्या दंडाला लागला. तो "माफ करा" म्हणाला, आणि त्यानंतर मला वाटलं, रस्ता फारच सरळ आहे.

पहिल्या दुकानापाशी गाडी थांबताच मी उतरून मागे धावले. दिवा विझलेला होता. काळाठिक्कर.

मी टॉर्च लावली. त्या दिवशी फळ्या इतक्या भरल्या होत्या की मागचं दार पुरतं लागलंच नव्हतं. त्यानं ते दोरीनं बांधलं होतं. त्यानं दोरी सोडली, त्या दुकानाच्या पावांच्या फळ्या उतरवल्या, दार दाबून कडी घातली, आणि दिवा लागला. मी कडी काढली. विझला. घातली. लागला.

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वीज दिव्यापर्यंत तारेनं जाते, पण तिला बॅटरीकडे परतही यायला लागतं. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडच. धंद्यात आम्ही त्याला 'अर्थ' म्हणतो. मी दिव्याची परतीची तार जवळच्या लोखंडी पट्टीला बांधून टाकली होती. पांढऱ्या रंगाखाली सगळी पेटी लाकडाची आहे, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी विसरले होते. ती पट्टी लाकडावर नुसती ठोकलेली होती. कडी घट्ट बसली, तरच तिचं टोक पलीकडच्या लोखंडाला टेकायचं. आणि आमच्या दुकानात गाडी नेहमी रिकामी यायची, कडी घट्ट लावून.

"ह्याला अर्थच नाहीये!" मी ओरडले.

तो फळी हातात धरून उभा होता. "कशाला?" त्यानं हळूच विचारलं. "मी इतक्यांदा आलो, त्याला?"

"दिव्याला हो! दिव्याला अर्थ मिळत नाहीये." मग माझा आवाज खाली आला. "चूक माझी आहे. तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा."

त्यानं मान हलवली. कडी एकदा काढून पुन्हा घातली. "मग आता नीट होईल?"

"आजच करते."

"पुन्हा नाही बिघडणार?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच," मी म्हणाले. कारागीर म्हणून दुसरं काय म्हणणार?

दुकानात मी दिव्यापासून थेट खालच्या सांगाड्यापर्यंत वेगळी परतीची तार ओढायला घेतली. मामा शेजारी येऊन बसला.

"जाणारी तार सगळे नीट लावतात," तो म्हणाला. "परतीच्या तारेकडे कुणी बघत नाही. वीज एकतर्फी नसते, पोरी. जाताना जेवढी जाड, येताना तेवढीच जाड हवी. आणि अंतर धरायचं ते दोन्ही बाजूंचं. लांबचं असेल तर आणखी जाड घे, नाहीतर दिवा मिणमिणतो."

तो विजेबद्दलच बोलत होता का, मला अजून माहीत नाही. त्याची पाठ होती माझ्याकडे.

मी काम असं केलं की तसं पुन्हा जन्मात केलं नाही. आणि त्याची शिक्षाही मिळाली. गाडी रोज सकाळी गल्लीच्या तोंडावरून जायची. सगळे दिवे ठणठणीत, हॉर्न वाजवला तेवढाच वाजून गप्प. वळताना लाल दिवा माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. थांबायला तिला कारणच उरलं नव्हतं. मी पायरीवर बसून तारा सोलायची आणि मनात म्हणायची, बाई गं, जरा कमी हुशार असतीस तर काय बिघडलं असतं?

महिना गेला असेल. एका दुपारी मामा म्हणाला, "पाव आण."

"घरात आहे की."

"शिळा आहे."

"सकाळचाच आहे, मामा."

"सकाळचा म्हणजे शिळाच," असं म्हणून त्यानं माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.

बेकरी दुपारी गार आणि रिकामी असते. गल्ल्यामागे त्याची आई काचेचं कपाट पुसत होती. दणकट बाई, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"पाव हवा होता," मी म्हणाले.

"ह्या वेळेला? दुपारी कुठल्या बेकरीत पाव उरतो, बाई?" मग तिची नजर माझ्या नखांवर गेली. तारांवर गुंडाळायच्या टेपचा काळा डिंक त्यांतून कधी निघायचाच नाही. ती थांबली. "तू ती वायरवाली का?"

"हो…"

"मग तसं सांग की! पाव, पाव काय लावलंयस!" आणि पडद्याकडे तोंड करून तिनं हाक दिली, "ऊठ रे! तुझा दिवा आलाय!"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आत काहीतरी पडलं. पडदा बाजूला झाला. गालावर उशीची वळी, केस उभे, आणि चक्क अंगावर पीठ नाही. पीठ नसलेला तो मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय बिघडलं?" त्यानं घाबरून विचारलं.

"काही नाही. गाडी… नीट चालतेय ना, म्हणून…"

"दुर्दैवानं," तो म्हणाला, "अगदी नीट."

त्याची आई त्याच काचेचा तोच कोपरा पुसत राहिली.

"रोज मागे जाऊन बघतो," तो म्हणाला. "दार उघडं टाकून बघतो. दणकन आपटून बघतो. दिवा काही विझत नाही. किती पक्कं काम करायचं माणसानं!"

"मग ओढायची एखादी तार."

"तुमच्या हातची?" तो खाली बघत म्हणाला. "हात नाही धजला."

आता नाही बोलले तर ह्या दुकानातून मी खरोखरच पाव न घेता परत जाणार, हे मला कळत होतं.

"मला वाटायचं, तुम्ही खोटा बिघाड घेऊन येता," मी म्हणाले. "आणि मला ते आवडायचं. तो खरा निघाला तेव्हा… मला दिव्याचं तेवढं वाईट नाही वाटलं."

तो हसायला लागला. आधी डोळ्यांत, मग सगळा. "आणि मला वाटायचं, तुम्हीच थोडं कच्चं ठेवता. मी पुन्हा यावं म्हणून."

"मी? मुद्दाम कच्चं काम? मी?" माझा असा भडका उडाला की प्रेमबीम सगळं विसरले. "माझ्या मामाला जाऊन विचारा, ह्या हातांनी कधी…"

"भांडण नंतर," त्याची आई काचेकडे बघतच म्हणाली. "आधी त्याचं काय ते ऐकून घे. महिनाभर झोपेत बडबडतोय."

तो कानापर्यंत लाल झाला. पहिल्या दिवशी झाला होता, तेवढाच. बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. त्यानं गल्ल्याच्या लाकडावर बोट फिरवत विचारलं, "उद्या दुपारी… दुकानात येऊ का? गाडी न घेता. नुसताच."

मला 'या' म्हणायचं होतं. त्याला मी कायम अहो-जाहो करत आले होते, आणि समोर त्याची आई उभी होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ये," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. त्याच्या आईचा हात काचेवर थांबला. तिनं फडकं खाली ठेवलं, गल्ल्यामागून एक स्टूल ओढलं, पदरानं पुसलं आणि माझ्यासमोर सरकवलं.